सगळ्या दारांना एकच कुलूप

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात संगणकाच्या पडद्याखाली अनेकदा पांढऱ्या मायक्रोपोअरची एक पट्टी चिकटवलेली दिसते. सलाइनची सुई जागेवर राहावी म्हणून जी पट्टी लावतात, तीच. तिच्यावर बॉलपेनने एक नाव आणि एक पासवर्ड लिहिलेला असतो. नाव बहुधा विभाग सोडून गेलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरचे. त्या पट्टीकडे सिस्टर पाहतात, इंटर्न पाहतो, रात्रपाळीचे ब्रदर पाहतात आणि समोरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकालाही ती स्पष्ट वाचता येते. कधीतरी संगणक विभागाचा माणूस पाहणीला येतो, पट्टी ओढून काढतो, गोपनीयतेवर दहा मिनिटे सुनावतो आणि निघून जातो. संध्याकाळच्या आत नवी पट्टी लागलेली असते.

या पट्टीला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रात्री दोन वाजता त्या संगणकापुढे काय चालते ते आधी पाहावे. महामार्गावरच्या अपघातातले तीन जखमी एकदम येतात. एक डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालत असतो, दुसऱ्याला रक्तपेढीकडे मागणी नोंदवायची असते, सिस्टरच्या हातमोज्यांना रक्त लागलेले असते. पाच मिनिटे कुणी बटण दाबले नाही म्हणून संगणकाने सगळ्यांना बाहेर काढलेले असते. पासवर्डमध्ये एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. तीनदा चुकला की खाते बंद आणि ते उघडून देणारा माणूस सकाळी दहाला येणार. अशा ठिकाणी सकाळी ज्याने लॉगिन केले, त्याच्याच नावावर रात्रीपर्यंत सगळे काम करतात. इंटर्न तर तिथे पंधरा दिवसांपुरता असतो. त्याचे स्वतःचे खाते उघडायचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्यातले सात-आठ दिवस निघून जातात. मग त्याने करायचे काय? पट्टी वाचायची.

याचा परिणाम दुहेरी होतो. कुलूप असूनही दार उघडे राहते, हा एक. दुसरा अधिक वाईट. नोंदवही खोटी होते. कागदोपत्री एकाच डॉक्टरने बारा तासांत साठ औषधे लिहिलेली दिसतात, त्यातली वीस तो मेसमध्ये झोपलेला असताना. उद्या मृत्यूची चौकशी लागली किंवा न्यायालयात प्रकरण गेले, तर ज्याने काही केले नाही तो उभा राहतो आणि ज्याने केले त्याचा पत्ता लागत नाही. जुन्या केसपेपरवर निदान प्रत्येकाचे वेगळे अक्षर आणि खाली सही तरी होती.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे नाही. अमेरिकेतले रॉस कोपेल, शॉन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये रुग्णालयांतल्या अशा पळवाटांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा आशय होता, ‘तुम्हाला माझा पासवर्ड हवा आहे की मेलेला रुग्ण?’ माणूस समोरून हलला की संगणक आपोआप बंद व्हावा म्हणून काही ठिकाणी सेन्सर बसवले होते. कर्मचाऱ्यांनी त्या सेन्सरवर थर्मोकोलचे पेले उपडे घातले. एके ठिकाणी चमूतल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीचे कामच हे होते, की अधूनमधून सगळ्यांच्या कीबोर्डवरची स्पेसबार दाबत राहायची. एका डॉक्टरचा अंदाज होता, की चौदा तासांच्या दिवसातला जवळपास दीड तास त्याचा नुसता लॉगिन करण्यात जातो. ही माणसे निष्काळजी नव्हती. एकाने उघडलेला संगणक पुढच्यासाठी तसाच ठेवणे हे तिथे सौजन्य समजले जात होते.

पाच मिनिटांचा नियम मुळात वाईट नाही. बँकेच्या ॲपमध्ये तो योग्यच आहे. तिथे भीती अनोळखी चोराची असते आणि उशीर झालाच तर विजेचे बिल दोन मिनिटे उशिरा भरले जाते. कचेरीच्या टेबलावरही तो चालतो. अपघात विभागात सर्वांत मोठा धोका उशीर हाच असतो आणि तिथे हा नियम रुग्णाच्या जिवावर उठतो. सॉफ्टवेअरचे आरेखन करणाऱ्याने आधी विचारायला हवे, की ही माहिती कोणापासून जपायची आहे, ती कोणाला तातडीने लागणार आहे आणि उशीर झाला तर काय बिघडेल. या प्रश्नांची उत्तरे एकाच रुग्णालयाच्या दोन दालनांत एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात.

एआरटी केंद्राचेच घ्या. एचआयव्हीची औषधे नेणाऱ्या माणसाला दूरदेशीच्या हॅकरची भीती फारशी नसते. त्याला भीती असते गल्लीतल्या ओळखीच्या माणसाची, जो याच रुग्णालयात लिपिक आहे. चुलतसासूच्या बहिणीची, जी पलीकडच्या वॉर्डात मावशी म्हणून काम करते. म्हणून आपल्या गावचे केंद्र टाळून लांबच्या तालुक्याला जाऊन औषधे आणणारे रुग्ण आजही आहेत. या माणसाला ज्यांच्यापासून जपायचे आहे त्यांच्याकडे पासवर्ड आधीच असतो, तोही अगदी कायदेशीर. मग तो बारा अक्षरांचा असो की वीस, उपयोग काय?

या बाबतीत फिनलंडमधल्या एका परिचारिकेचा खटला सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक अधीक्षकाने वाचावा असा आहे. ती एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात काम करत होती आणि एचआयव्हीसाठी त्याच रुग्णालयाच्या संसर्गरोग विभागात उपचार घेत होती. १९९२ च्या सुरुवातीला तिला जाणवू लागले, की सहकाऱ्यांना तिच्या आजाराबद्दल कळले आहे. त्या काळी तिथल्या कर्मचाऱ्यांना रुग्णनोंदी सर्रास पाहता येत. तिने तक्रार केल्यावर पद्धत बदलली आणि उपचार करणाऱ्यांपुरतीच नोंद खुली ठेवली गेली. पण आधी कोणी पाहिली? रुग्णालयाला सांगता येईना. शेवटच्या पाच वेळा नोंद उघडल्याचेच तपशील राहत, तेही कोणत्या विभागाने उघडली एवढेच, कोणत्या माणसाने हे नाही. पुरावा नसल्यामुळे ती देशातल्या न्यायालयांत हरली. १७ जुलै २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. नोंद कोणी पाहिली हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर टाकणे न्यायालयाला मान्य झाले नाही. कारण ते कळण्याची सोय रुग्णालयानेच ठेवली नव्हती. आणि माहिती फुटल्यावर भरपाई मागण्याची मुभा असणे पुरेसे नाही, ती मुळात फुटू नये अशी प्रत्यक्ष व्यवस्था हवी, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे तिथे हवी होती आतली भिंत आणि न पुसली जाणारी नोंद. भारतात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकतो. पण भिंत कुठे घालायची हे कायदा सांगू शकत नाही, ते वॉर्डातल्या कामावरून ठरते. सगळे लपवूनही चालत नाही. एचआयव्हीच्या काही औषधांचे इतर औषधांशी जमत नाही. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन चालू असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम घटतो. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला हे दिसलेच पाहिजे. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच्या लिपिकाला ते दिसण्याचे काही कारण नाही. माहितीचा तोच एक तुकडा एका टेबलावर औषध असतो आणि दुसऱ्या टेबलावर गावगप्पा. हेलन निसेनबाम या अभ्यासक हीच गोष्ट सिद्धान्ताच्या भाषेत सांगतात. ज्या संदर्भात माहिती दिली गेली, त्या संदर्भाच्या रीतीने ती पुढे जाते की नाही, यावरून गोपनीयता मोजावी, असे त्यांचे म्हणणे.

गंमत अशी, की कागदाच्या काळात हे शहाणपण आपल्याकडे होते. वैद्यकीय गर्भपाताची २००३ ची नियमावली पाहावी. स्त्रीचे संमतिपत्र आणि डॉक्टरांचे मत एका लिफाफ्यात घालायचे, त्यावर ‘गुप्त’ असा शिक्का आणि क्रमांक. स्त्रीचे नाव फक्त दाखल-नोंदवहीत, आणि ती नोंदवही संस्थाप्रमुखाच्या ताब्यात. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, पुढच्या तपासणीचे कार्ड यांपैकी कशावरही नाव लिहायचे नाही, क्रमांक लिहायचा. ज्याने हा नियम लिहिला त्याला वॉर्ड माहीत होता. शस्त्रक्रियागृहातल्या माणसाला रुग्णाचा क्रमांक, रक्तगट आणि हिमोग्लोबिन पुरते, नाव-गाव लागत नाही, हे त्याने हेरले होते. आता त्याच विभागात संगणक आला, की पडद्यावर यादी उघडते. नाव, वय, गाव, निदान, सगळे एका ओळीत. कारण सॉफ्टवेअर अस्थिव्यंग विभागासाठी लिहिले गेले आणि तसेच्या तसे सगळीकडे बसवले गेले.

रुग्णाच्या बाजूलाही हीच गोष्ट घडते. तिथे सगळा भार ओटीपीवर आहे. एका माणसाचा एक फोन आणि तो त्याच्याच खिशात, हे ओटीपीमागचे गृहीत. शहरातल्या नोकरदारासाठी ते बरोबर असेल. खेड्यातल्या घरात मात्र एक फोन तिघे-चौघे वापरतात आणि तो दिवसा नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर असतो. बाई ओपीडीच्या खिडकीशी उभी आणि ओटीपी गेला ऊसतोडीच्या फडावर. त्याहून वाईट म्हणजे तपासणीचा निरोपही त्याच फोनवर जातो. अमुक विभागाचा अहवाल तयार आहे, पुढची भेट अमुक तारखेला. विभागाचे नाव मनोविकार असेल, गुप्तरोग असेल, तर घरात काय होते ते सांगायला नको. बँकेत जो ओटीपी संरक्षण असतो, तोच इथे फोडणी लावतो. मेळघाटात किंवा भामरागडच्या आतल्या पाड्यांत तर रेंजच नसते, तिथे तो नुसता अडथळा. उपाय अवघड नाहीत. नोंदणीच्या वेळी ‘हा फोन कोणाचा आहे’ एवढे विचारावे. निरोपात विभागाचे नाव घालू नये, ‘रुग्णालयाची भेट’ एवढेच लिहावे. ज्या बाईला निरोप नको असेल तिच्या चिठ्ठीवर तारीख लिहून द्यावी, जशी पूर्वी देत असत. पण यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘निरोप नको’ असा एक चौकोन असावा लागतो. तो अनेकदा नसतो.

अपघात विभागासाठी संगणकशास्त्राकडे एक जुनी युक्ती आहे. आगीच्या वेळी काच फोडून घंटी वाजवतात, तशीच. एरवी बंद असलेली नोंद डॉक्टरला तातडीच्या वेळी स्वतःच्या नावावर, एका ओळीचे कारण देऊन उघडता येते. दार अडवत नाही, पण कोणी उघडले हे कोरले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगात संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे, त्यामुळे कायद्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. काच फोडल्याच्या नोंदी कोणी वाचत नसेल, तर हे उघडेच दार. आणि रोज दोनशे वेळा काच फुटत असेल, तर भिंत चुकीच्या जागी घातली आहे असे समजून ती हलवली पाहिजे. या नोंदी वाचायला आठवड्यातून दोन तास देणारा एक जबाबदार माणूस लागतो. मंजूर पदांच्या यादीत त्याला जागा नाही. खाती बंद पाडणाऱ्या यंत्रणेवर पैसा खर्च होतो आणि नोंदी वाचणाऱ्या डोळ्यांवर होत नाही, हा खरा दोष.

संगणकतज्ज्ञांची हरकत इथे ऐकून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. प्रत्येक विभागाला सवलत देत गेलो तर सवलतींचीच भोके होतात, असे ते म्हणतात. दिल्लीच्या एम्सचे उदाहरण देतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्व्हरवर हल्ला झाला, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, दाखल-नोंदणी, प्रयोगशाळा यांचे काम हाताने लिहून चालवावे लागले. हे पाहिल्यावर कडक एकसारखे नियम हवेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सरकारने संसदेत त्या घटनेचे जे प्राथमिक कारण सांगितले ते पाहावे. नेटवर्कची विभागणी नीट केलेली नव्हती. म्हणजे एका खोलीत शिरलेला चोर सगळ्या वाड्यात फिरू शकला. नेटवर्कची विभागणी, रोजची वेगळी ठेवलेली प्रत, सॉफ्टवेअरची वेळेवर दुरुस्ती ही कामे पडद्यामागची. ती हवी तितकी कडक आणि सगळीकडे सारखी ठेवा, कोणत्याही सिस्टरला त्यांचा त्रास होत नाही. रुग्णाच्या खाटेशी हाताला लागणारे नियम तेवढे जागेप्रमाणे बेतायचे. प्रत्यक्षात होते ते उलटे. खाटेशी जाच आणि तळघरातल्या सर्व्हरकडे दुर्लक्ष.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, हा त्या जाचातला एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, आणि अमुक चिन्ह, तमुक आकडा अशी सक्तीही करू नये. लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड चालू द्यावा. कारण उघड आहे. सक्ती केली की माणूस जुन्याच्या शेवटी एक वाढवतो, १ चा २ करतो आणि पट्टीवर लिहून ठेवतो. आपल्याकडची अनेक सरकारी सॉफ्टवेअरे आजही नव्वद दिवस मोजत बसली आहेत.

एकाच वस्तूत दोन्ही बाजू कशा भिडतात हे पाहायचे असेल तर पेसमेकर पाहावा. आजचे पेसमेकर बिनतारी यंत्राने तपासता आणि बदलता येतात. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये त्यांच्या छातीतल्या यंत्राची ही बिनतारी सोय बंद ठेवली, कारण त्यांच्यावर कोणी त्या मार्गाने हल्ला करील अशी शंका होती. त्या माणसासाठी तो निर्णय योग्य असेल. साताऱ्याच्या निवृत्त मास्तरांसाठी तो मूर्खपणाचा ठरेल. त्यांना मारेकऱ्याचा धोका नाही. ते बाहेरगावी चक्कर येऊन पडले, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला त्यांचे यंत्र झटकन वाचता आले पाहिजे. २०१७ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरमध्ये अशी सुरक्षेची त्रुटी आढळली. तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने सर्वांची यंत्रे काढा असे सांगितले नाही. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दवाखान्यात येऊन घालता येत होते. पण ते घालताना यंत्र बिघडण्याचा किंचित धोका होता. म्हणून ज्याने त्याने डॉक्टरशी बोलून ठरवावे, असे सांगितले गेले. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर हेच करतो. वजन पाहतो, वय पाहतो, मूत्रपिंड पाहतो.

आपल्याकडे रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची निविदा निघते तेव्हा सुरक्षेचे पान कशावरून उतरवतात हे पाहण्यासारखे असते. नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या सॉफ्टवेअरसाठी जे पान होते तेच बऱ्याचदा इथे लागते, मुद्द्यांच्या क्रमांकासकट. त्या पानावर अपघात विभाग, एआरटी केंद्र, मनोविकार, प्रसूती आणि क्षयरोग यांच्यासाठी वेगवेगळ्या चार ओळी असाव्यात, एवढी मागणी जास्त नाही. अपघात विभागात पासवर्डऐवजी गळ्यातले ओळखपत्र यंत्राला टेकवून लॉगिन व्हावे. हातमोजे काढावे लागत नाहीत आणि नावही ज्याचे त्याचे राहते. इंटर्न रुजू होतो त्याच दिवशी त्याचे खाते सुरू व्हावे आणि पंधरा दिवसांनी आपोआप बंद व्हावे. बंद पडलेले खाते उघडून देणारा माणूस रात्रपाळीलाही असावा. आणि हे पान लिहिणाऱ्या अभियंत्याने त्याआधी एक पूर्ण रात्र, शक्यतो शनिवारची, अपघात विभागात उभे राहून काढावी.

नवे सॉफ्टवेअर सुरू झाले, की पहिल्या महिन्यात पट्ट्या कुठे कुठे लागल्या याची एक यादी करता येईल. एआरटी केंद्रात पट्टी दिसली तर ती त्याच दिवशी निघाली पाहिजे आणि ती का लागली हे तिथल्या समुपदेशकाला विचारले पाहिजे. अपघात विभागात दिसली तर आधी तिथे ओळखपत्र टेकवायचे यंत्र बसवावे. पट्टी त्यानंतर काढावी.